सागरी व्यवस्थापनातील पदव्युत्तर पदवी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्राविषयी काहीतरी करावंसं वाटतं, पण नेमकं काय शिकावं ते उमगत नाही, अशा मुलामुलींचे आणि नोकरीत स्थिरावलेल्यांचेही प्रश्न माझ्याकडे येत असतात. मी स्वतः हा अभ्यासक्रम केला आहे आणि त्यानंतरची वर्षं मत्स्यव्यवस्थापन आणि किनारी नियोजनाच्या कामात गेली आहेत. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली.

सागरी व्यवस्थापन म्हणजे काय? समुद्राचं व्यवस्थापन कसं करणार?

समुद्राचं करताच येत नाही. भरती-ओहोटीवर, प्रवाहांवर, माशांच्या स्थलांतरावर कोणाचा हुकूम चालत नाही. व्यवस्थापन करायचं ते माणसं समुद्रात जे काही करतात त्याचं. मासे किती आणि कोणत्या महिन्यात धरायचे, जाळ्याचा आस, म्हणजे भोक, केवढा ठेवायचा, जहाजांनी कोणत्या वाटेने जायचं, सांडपाणी कुठे सोडायचं, पवनचक्क्या कुठे रोवायच्या, प्रवाळाचा कोणता पट्टा कोणीही हात न लावता राखायचा. हे ठरवायला जीवशास्त्र लागतं, कायदा लागतो, अर्थशास्त्र लागतं, आणि समोर बसलेल्या माणसाचं पोट कशावर चालतं याची जाण लागते.

माझ्या मते या पदवीचा गाभा एकच आहे. माहिती अपुरी असताना निर्णय घ्यायचा, आणि त्याची झळ ज्यांना बसणार आहे त्यांच्यासमोर बसून तो समजावून सांगायचा. बाकीचे विषय या दोन कामांची तयारी म्हणून येतात.

मग सागरी जीवशास्त्रापेक्षा हे वेगळं कसं?

जीवशास्त्रज्ञ विचारतो, इथे मासे किती आहेत? व्यवस्थापकापुढचा प्रश्न असा, की ते नक्की कळलेलं नसताना पुढच्या हंगामात किती धरू द्यायचे?

न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाची हकिगत जवळजवळ प्रत्येक वर्गात शिकवली जाते, आणि ती सविस्तर सांगण्यासारखी आहे. १९८०च्या दशकात कॅनडात कॉडच्या साठ्याचा अंदाज दोन गोष्टींवरून बांधला जाई. एक, संशोधन जहाजांनी केलेली पाहणी. दुसरी, मोठ्या ट्रॉलरना, म्हणजे मोठं जाळं ओढत नेणाऱ्या बोटींना, तासाला मिळणारी मासळी. ट्रॉलरची मासळी काही कमी होत नव्हती, त्यामुळे साठा भक्कम आहे असं वाटत राहिलं. पण कॉड कमी झाले तरी उरलेले दाट थव्यांनी एकत्र राहतात, आणि असे थवे शोधणारी यंत्रं ट्रॉलरवर होती. साठा आटत होता आणि जाळी भरत होती. किनाऱ्याजवळ लहान होड्यांतून मासेमारी करणारे मात्र मासे कमी झालेत, लहान झालेत, असं वर्षानुवर्षं सांगत होते. त्यांचं म्हणणं कोणत्याच तक्त्यात बसत नव्हतं.

२ जुलै १९९२ रोजी उत्तरेकडच्या कॉडच्या मासेमारीवर बंदी आली. जाहीर झाली ती दोन वर्षांसाठी. सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार एका फटक्यात गेला आणि पाचशे वर्षांची मासेमारी थांबली. ती अधिकृतपणे उठली थेट २०२४ साली, १८,००० टनांच्या मर्यादेसह.

मी ही हकिगत पहिल्यांदा ऐकली तेव्हा दोष शास्त्रज्ञांचा, असं मला वाटलं होतं. आज तसं वाटत नाही. चूक होती ती शंकेचा फायदा माशाला न देता मासेमारीला देण्यात, आणि लहान होड्यांचं ऐकायला यंत्रणेत जागाच नसण्यात. ती जागा निर्माण करणं हे व्यवस्थापकाचं काम.

विज्ञानाची पदवी नसेल तर प्रवेश मिळतो का?

बहुतेक ठिकाणी मिळतो. माझ्या वर्गात वकील होते, भूगोलाचे विद्यार्थी होते, एक जण नौदलातून आला होता, एक पत्रकार होती. त्या पत्रकार मैत्रिणीला संख्याशास्त्राने पहिल्या सत्रात रडवलं, पण अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा सगळा वर्ग तिच्या मागे होता. जे विद्यापीठ केवळ विज्ञान शाखेतल्यांनाच घेतं, तिथला अभ्यासक्रम बहुधा व्यवस्थापनापेक्षा परिसंस्थाशास्त्राकडे झुकलेला असतो. ते वाईट नाही, पण आधी माहीत असावं.

पोहणं, डायव्हिंग येणं गरजेचं आहे का?

नाही. बोट लागत असली तरी चालतं. या कामाचे जास्तीत जास्त तास टेबलापाशी आणि बैठकांमध्ये जातात. पाण्याखाली राहायचं स्वप्न असेल तर ही पदवी निराशा करील.

अभ्यासक्रमात नेमकं काय शिकवतात?

विद्यापीठागणिक फरक असतो, पण काही विषय सगळीकडे भेटतात.

पहिला कायदा. संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदाविषयक करार १९८२ साली झाला आणि १९९४ साली अमलात आला. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल म्हणजे सुमारे २२ किलोमीटर प्रादेशिक समुद्र, २०० सागरी मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र, त्यापलीकडे खुला समुद्र, ही चौकट त्यात आहे. अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या माशांवर आणि खनिजांवर किनारी देशाचा हक्क असतो, पण तिथून जाणाऱ्या परक्या जहाजाला तो देश सहसा अडवू शकत नाही. हा बारकावा अंगवळणी पडायला वेळ लागतो. जागतिक समुद्राचा सुमारे ६४ टक्के पृष्ठभाग कोणत्याच देशाच्या हद्दीत येत नाही. तिथल्या जैवविविधतेसाठीचा स्वतंत्र करार जून २०२३ मध्ये संमत झाला आणि जानेवारी २०२६ मध्ये लागू झाला. म्हणजे आज प्रवेश घेणारे विद्यार्थी हा कायदा आकार घेत असतानाच तो शिकणार आहेत, आणि मला त्यांचा मनापासून हेवा वाटतो.

दुसरा विषय मत्स्यव्यवस्थापन. यातला एक तास मी विसरणार नाही. प्रत्येकाच्या हातात करंगळीच्या नखाएवढा एक पांढरा तुकडा दिला होता. तो होता माशाच्या कानातला दगड, ओटोलिथ. झाडाच्या खोडात वर्षागणिक वलयं पडतात तशी याच्यातही पडतात. पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि एक फिकट, एक गडद अशी जोडी मोजत जायचं. एक जोडी म्हणजे एक वर्ष. मी मोजली सात, शेजारच्याने नऊ. काठाजवळ वलयं इतकी दाटीने येतात की खरं कोणाचं ते ठरेना. बाईंनी दोन्ही आकडे फळ्यावर लिहिले आणि म्हणाल्या, "आता या दोन आकड्यांवरून वाढीचा वेग काढा, वेगावरून मृत्यूचं प्रमाण काढा आणि त्यावरून पुढच्या वर्षीची मर्यादा ठरवा." संध्याकाळपर्यंत आमच्या दोघांच्या मर्यादांमध्ये मोठी तफावत पडली होती. मासा तोच होता. जाहीर होणाऱ्या अनेक मर्यादांमागे अशी मोजणी असते, हे त्या दिवशी डोक्यात पक्कं बसलं.

तिसरा, सागरी क्षेत्राचं नियोजन, म्हणजे मरीन स्पॅशियल प्लॅनिंग. एकाच पाण्यावर जहाजवाहतूक, मासेमारी, पवनऊर्जा, केबल, वाळूउपसा, पर्यटन, नौदल आणि देवमासे यांचा दावा असतो. तो नकाशावर मांडायचा आणि तंटे सोडवायचे. क्यूजीआयएससारख्या नकाशा-प्रणाली शिकवतात, आणि कमीत कमी जागेत जास्तीत जास्त अधिवास कसे राखता येतील हे शोधणारी मार्क्सनसारखी साधनंही. ही कौशल्यं नोकरीत रोज लागतात. पण नकाशा काय दाखवत नाही, हे मला कामावर गेल्यावरच कळलं. एका बैठकीत आम्ही पडद्यावर एक मोकळा चौकोन दाखवला. तिथे ना जहाजांचा माग होता, ना मासेमारीची नोंद. पवनचक्क्यांसाठी जागा उत्तम दिसत होती. मागे बसलेले एक वयस्कर तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख, उठून पुढे आले, टेबलावरच्या कागदी नकाशावर त्यांनी तोच चौकोन शोधला आणि त्यावर अख्खा तळहात ठेवला. म्हणाले, "वारा फिरला की आम्ही सगळे इथे येऊन उभे राहतो." तिथे कोणी मासे धरत नव्हतं म्हणून नोंद नव्हती. वादळात तेवढाच आडोसा होता.

अर्थशास्त्र आणि समाजशास्त्रही असतं. परिसंस्थाशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडलं की सामाईक साधनसंपत्तीला कोणी धनी नसला की तिचा विनाश ठरलेला. राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रम यांनी जगभरातली उदाहरणं तपासून दाखवलं की गावंच्या गावं आपसांत नियम करून अशी संपत्ती पिढ्यानपिढ्या नीट सांभाळतात. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. हा वाद वर्गापुरता नाही. न्यूझीलंडने १९८६ पासून मासेमारीचा वाटा खरेदी-विक्री करता येईल अशा हक्कांत वाटून दिला. त्याने जास्तीच्या बोटींची शर्यत आटोक्यात येते, पण वाटे हळूहळू मोठ्या कंपन्यांच्या हाती गोळा होतात. कोणती बाजू जड, यावर तुमचं मत बनायला हवं, आणि ते बदलण्याची तयारीही हवी.

याशिवाय जहाजांचं प्रदूषण, किनाऱ्याची धूप, हवामानबदल, मत्स्यशेती हे विषय असतात. जहाजं तोल राखायला पोटात भरतात ते पाणी, म्हणजे बॅलास्ट वॉटर, एका समुद्रातले जीव दुसऱ्या समुद्रात नेऊन सोडतं. काळ्या समुद्रात १९८०च्या दशकात असाच अमेरिकेकडचा कंगवा-जेली हा जेलीफिशसारखा जीव येऊन पोहोचला. आधीच उपसलेल्या अँचोव्ही या लहान माशाच्या मासेमारीचं त्याने कंबरडं मोडलं. बॅलास्ट पाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला २००४ साली आणि लागू झाला २०१७ साली. करार होणं आणि लागू होणं यांतलं अंतर वाचताना त्रास होतो, पण ते अंतर कमी करणारी माणसं याच अभ्यासक्रमांतून जातात.

गणित कितपत लागतं?

भीती वाटते त्यापेक्षा कमी आणि आशा असते त्यापेक्षा जास्त. संख्याशास्त्राचा पाया हवाच. समीकरणं सोडवता आली नाहीत तरी चालेल, पण आकड्यामागची गृहीतकं विचारता आली पाहिजेत.

किती वर्षांचा असतो?

ब्रिटनमध्ये साधारण एक वर्ष, इतरत्र सोळा महिने ते दोन वर्षं. एका वर्षात शिकणं खूप घाईचं होतं आणि प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला वेळ उरत नाही. परवडत असेल तर लांबचा अभ्यासक्रम घ्या.

कोणती विद्यापीठं बघावीत?

कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठात मास्टर ऑफ मरीन मॅनेजमेंट याच नावाची पदवी आहे आणि तिच्यात प्रत्यक्ष कामाचा अनुभव अंगभूत आहे. अमेरिकेत ऱ्होड आयलंड आणि वॉशिंग्टन या विद्यापीठांत मरीन अफेअर्स नावाने हाच विषय शिकवतात. आइसलंडमध्ये इसाफ्योर्दुर या फ्योर्डकाठच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाडीकाठच्या, लहानशा गावात, वेस्टफ्योर्ड्स विद्यापीठ केंद्रात, किनारी आणि सागरी व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम चालतो. स्वीडनमधल्या माल्मोचं जागतिक सागरी विद्यापीठ आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९८३ साली स्थापन केलं. तिथे भर असतो तो जहाजवाहतूक, बंदरं आणि सागरी प्रशासनावर. क्रमवारीच्या याद्या मी पाहत नाही, कारण हा विषय इतका लहान आहे की तिथली क्रमवारी संपूर्ण विद्यापीठाची असते, या विभागाची नव्हे.

त्यापेक्षा तीन गोष्टी विचारा. शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी शासनात, बंदरात किंवा मच्छीमार संघटनांत काम केलं आहे? इंटर्नशिप विभाग मिळवून देतो की तुम्ही शोधायची? आणि मागच्या दोन तुकड्यांतले विद्यार्थी आज कुठे आहेत? तिसऱ्या प्रश्नाला गोलमाल उत्तर आलं तर त्यांच्यापैकी दोघातिघांना स्वतः शोधून पत्र लिहा. माजी विद्यार्थी खरं सांगतात. मी एका विभागाला हे विचारलं नव्हतं. इंटर्नशिपचं आश्वासन कागदावरच होतं हे तिथे गेल्यावर समजलं, आणि पहिलं सत्र अभ्यासापेक्षा पत्रं लिहिण्यात गेलं.

प्रबंध करावा की इंटर्नशिप?

पुढे पीएचडी करायची असेल तर प्रबंध. नाहीतर इंटर्नशिप. दोन्हींची सोय असेल तर इंटर्नशिपच्या जागी जो प्रश्न अडला आहे तोच प्रबंधाचा विषय करा.

अर्जातल्या निवेदनात काय लिहावं?

लहानपणापासून समुद्राची ओढ आहे, हे वाक्य प्रामाणिक असतं, म्हणूनच सगळे तेच लिहितात. त्याऐवजी तुम्ही पाहिलेला एक प्रश्न मांडा. एखाद्या बंदरात गाळ काढल्यावर शिंपले गोळा करणाऱ्यांचं काय झालं? एखाद्या संरक्षित क्षेत्राच्या सीमेवर जाळी का लागलेली असतात? मग तो सोडवायला तुमच्याकडे काय कमी आहे ते लिहा, आणि त्या विद्यापीठातला कोणता विषय ती उणीव भरेल ते. एक पान पुरतं. उणीव कबूल करायला घाबरू नका, शिकायला तर निघाला आहात.

खर्चाचं काय? शिष्यवृत्ती मिळते का?

हे शिक्षण महाग आहे, परदेशी विद्यार्थ्यांसाठी तर फारच. युरोपीय संघाची इरास्मस मुंडस शिष्यवृत्ती आणि ब्रिटनची चेव्हनिंग या दोन्हींतून सागरी विषयांचे विद्यार्थी जात असतात. चेव्हनिंगला आधीचा कामाचा अनुभव लागतो. माल्मोच्या विद्यापीठातले बहुतेक विद्यार्थी देणगीदारांच्या शिष्यवृत्तीवर येतात. शिष्यवृत्तीची मुदत अनेकदा प्रवेशाच्या मुदतीआधी संपते, त्यामुळे तयारी वर्षभर आधी सुरू करावी लागते. मोठं कर्ज काढून हा अभ्यासक्रम करावा, असं मी कोणालाही सांगणार नाही. का ते नोकरीच्या उत्तरात येतं.

मी व्यापारी जहाजावर अधिकारी आहे. हा अभ्यासक्रम माझ्यासाठी आहे का?

किनाऱ्यावर येऊन बंदर, जहाज कंपनी किंवा सागरी प्रशासनात जायचं असेल तर मेरिटाइम अफेअर्स किंवा शिपिंगकडचा अभ्यासक्रम घ्या. मरीन आणि मेरिटाइम हे शब्द सारखे वाटतात, पण पहिल्याचा रोख समुद्र आणि त्यातल्या जीवांकडे असतो, दुसऱ्याचा जहाजं आणि व्यापाराकडे. मात्र पर्यावरणाकडे वळायचं असेल तर जरूर या. ताशी किती वेगाला जहाज वेळेत थांबू शकतं, हे ज्याने स्वतः अनुभवलं आहे, तो देवमाशांच्या मार्गातल्या वेगमर्यादेविषयी बोलतो तेव्हा त्याचं ऐकलं जातं.

ऑनलाइन केला तर?

नोकरीत असाल आणि बढतीसाठी हवा असेल तर चालेल. नव्याने येणाऱ्यांना मी नको म्हणेन. आमच्या वर्गात खोट्या वाटाघाटींचा तास असे. प्रत्येकाला चिठ्ठी मिळायची, कोणी ट्रॉलरमालक, कोणी पवनऊर्जा कंपनी, कोणी पक्षिमित्र. तीन तास भांडून करार करायचा. समोरचा गप्प झाला तो पटलं म्हणून की चिडून, हे ओळखायला मी तिथे शिकले. ते पडद्यावरून येत नाही.

नोकऱ्या कुठे मिळतात?

मत्स्य आणि पर्यावरण खाती, बंदर प्राधिकरणं, सागरी संरक्षित क्षेत्रं, हिंद महासागर ट्यूना आयोगासारख्या प्रादेशिक संस्था, स्वयंसेवी संस्था, मासे योग्य पद्धतीने धरले आहेत असं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था, आणि समुद्रातल्या प्रकल्पांचा पर्यावरणीय परिणाम तपासणाऱ्या सल्लागार कंपन्या. सध्या समुद्रातल्या पवनऊर्जेमुळे या शेवटच्या गटात बरंच काम आहे.

पण पहिली तीन-चार वर्षं बहुधा कंत्राटी असतात. प्रकल्प दीड वर्षाचा, निधी संपला की पुढचा शोधा. पगार अभियंत्यांच्या किंवा व्यवस्थापन शाखेच्या पदवीधरांच्या जवळपासही नसतो. माझ्या वर्गातले काही जण याच काळात क्षेत्र सोडून गेले. ते कच्चे होते म्हणून नव्हे, घरची जबाबदारी होती म्हणून. कर्जाविषयी मी सावध बोलले ते यासाठी.

एवढं करून समुद्राला खरंच काही फरक पडतो का?

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळपट्ट्याचं उदाहरण घ्या. २००४ साली तिथे नवी क्षेत्ररचना लागू झाली आणि मासेमारीला पूर्ण मनाई असलेला भाग पाच टक्क्यांहून कमी होता तो सुमारे ३३ टक्क्यांवर गेला. त्याआधी लोकांकडून ३१,००० हून अधिक सूचना-हरकती आल्या आणि आराखड्याच्या रेषा त्यानुसार हलल्या. ज्यांची मासेमारी गेली त्यांच्या भरपाईचा खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पट झाला. मनाई क्षेत्रांत कोरल ट्राउट माशांची संख्या वाढल्याचं पुढच्या पाहण्यांत दिसलं. तरीही २०१६ पासून पुन्हा पुन्हा पाणी तापलं आणि प्रवाळ पांढरं पडलं. नकाशावरची रेषा उष्णता अडवू शकत नाही. माशांना फरक पडला, प्रवाळाला पुरेसा पडला नाही, आणि ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. हे पचवून दुसऱ्या दिवशी कामावर जाता येत असेल तर हे क्षेत्र तुमचं.

अभ्यासक्रम सुरू व्हायला सहा महिने आहेत. काय तयारी करू?

क्यूजीआयएस फुकट आहे, ते उतरवून घ्या. समुद्रतळाचे नकाशे बनवणाऱ्या जेब्को या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाची खोलीविषयीची माहितीही फुकट आहे. ती वापरून एका किनाऱ्याचा नकाशा बनवा. संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना दर दोन वर्षांनी मासेमारीच्या स्थितीवर अहवाल काढते. तो संपूर्ण नको, साठ्यांवरचं प्रकरण वाचा. जगातल्या तपासलेल्या साठ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक साठे मर्यादेबाहेर उपसले जात आहेत, हा आकडा कसा काढला ते त्यातून कळेल.

आणि जवळपास मासळी उतरवण्याचा धक्का असेल तर आठवड्यातून एकदा पहाटे तिथे जा. बोटी लागण्यापूर्वी पोहोचा, मध्ये येऊ नका. सोबत वही आणि मोजपट्टी ठेवा. परवानगी घेऊन एकाच जातीचे वीस मासे नाकापासून शेपटीपर्यंत मोजा, तारीख लिहा, वारा कोणता होता ते लिहा. मग ज्याची ती मासळी आहे त्याला विचारा, तुझ्या वडिलांच्या वेळी हा मासा केवढा असायचा? तो हाताने दाखवेल. दोन तळव्यांमधलं अंतर डोळ्यांनी मोजा आणि तेही वहीत लिहून ठेवा, वेगळ्या रकान्यात.